एका बाजूने आखूड चौकोन

पारू, तुझा तो गोधडीचे तुकडे कापायचा पत्रा माझ्याकडेच आहे. शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या शेजारी ठेवलाय. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "माजा पत्रा तुज्या मशिनीत कशापायी गं? तेलकट संगतीनं गंजंल की त्यो." तेलाने पत्रा गंजत नाही, उलट टिकतो, असं मी तुला समजावलं असतं. तू ऐकलं नसतंस. चहा होईपर्यंत आपलं भांडण रंगलं असतं. तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. दुपारी ब्लाउज शिवता शिवता हात थांबतो आणि कान मागच्या दाराकडे जातात. मग मला माझाच राग येतो. मग तुझा येतो. धडधाकट बाई तापाने फणफणते काय आणि बघता बघता जाते काय! ही काय जायची रीत झाली?

आणि शेवंताची गोधडी अर्धीच ठेवून गेलीस. तुझी एकुलती एक लेक, पहिलटकरीण, आठवा लागलाय तिला. तुमच्या माण भागात पहिल्या नातवंडाच्या अंगाखाली आईच्या आईच्या लुगड्याची गोधडी घालतात, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की ती चाल माझ्याच माहेरची आहे असं वाटायला लागलं होतं. ती गोधडी पुरी व्हावी आणि त्या बाळाच्या अंगाखाली जावी, एवढं एकच मला हवं होतं. पण तुझी नणंद आडवी आली. काय झालं ते सगळं तुला सांगायला बसले. मला दुसरं आहे कोण?

तू पहिल्यांदा दिसलीस ती आमच्या कुंपणावर गोधडी वाळत घालताना. तुझा नवरा तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर सुतार म्हणून लागला होता, आणि तुम्ही आमच्या मागची खोली घेतली होती. बोईसरला तेव्हा रोज नवीन माणूस उतरायचा. कुणाचं गाव कुठलं, कुणाची बोली कुठली, काही विचारायची सोय नव्हती. तू मात्र न विचारता सांगत सुटलीस की तुमच्याकडे पाणी नसतं, इथे हवेतच पाणी आहे, कपडे वाळत नाहीत आणि सगळ्याला मासळीचा वास येतो. मुरब्याहून येणारी कोळीण टोपली घेऊन दारात बसली की तू पदर नाकाला लावायचीस. पुढे तीच तू, टोपली उतरायच्या आत बोंबलांचा भाव विचारायला लागलीस. मी चिडवलं की म्हणायचीस, "माणूस बदलत न्हाई व्हय?"

तर ती कुंपणावरची गोधडी. मी शिवणकाम करणारी, माझी नजर आधी तुकड्यांवर गेली. एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. मी विचारलं, "ही कापलीस कशी? माप नाय काय?"

"माप हाय की," तू म्हणालीस, आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलंस.

मला हसू आलं. तुला ते लागलं. दुसऱ्या दिवशी कापडांचं बोचकं काखेत मारून तू माझ्या दारात हजर. "दाव तुजं माप. बगू तरी."

तिथून आपला उद्योग सुरू झाला. सारखे तुकडे कापायला विकतचा साचा असतो हे आपल्याला माहीतही नव्हतं, आणि असता तरी कुणी घेतला असता? घरात जे टाकून द्यायचं त्यातून साचा निघायचा. पहिला मी वर्तमानपत्राचा केला, ब्लाउजचा करते तसा. खडू फिरवता फिरवता त्याच्या कडा इतक्या चुरगळल्या की चौकोन जाऊन भाकरी झाली. लढाईच्या वेळी उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना चिकटवलेला जाड काळा कागद मी जपून ठेवला होता, तो काढला. त्यावर कोळशाची खूण दिसेना, आणि तुझी बोटं आणि माझी मापाची पांढरी फीत, दोन्ही काळी झाली. मग तुझ्या मिस्त्रींनी कामावरून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद आणला. आपण त्याचे पापुद्रे गव्हाच्या खळीने एकावर एक चिकटवून छान कडक पुठ्ठा केला, आणि तो झुरळांनी खाल्ला. खळ चांगली झाली होती म्हणायची! तू तर पोट धरून हसत होतीस. मी तुझ्यावरच ओरडले, जणू झुरळं तू पाठवली होतीस.

विरीची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. माझं माहेर केळव्याचं, तिथे पोफळीच्या वाड्या. झावळी गळली की तिच्या बुडाचा रुंद, चामड्यासारखा भाग मिळतो, ती विरी. माझी आई तिचे द्रोण करायची. मी म्हटलं, हिच्यासारखा साचा नाही. वाळलेली विरी कापताना तडकते, म्हणून मी ती भिजवून, ओली असतानाच चौकोन कापला. कडा काय सुरेख आल्या! तू पण मान डोलावलीस. श्रावणभर आपण त्या साच्याने तुकडे कापले. पुढे उन्हं पडली, सवड मिळेल तसे आणखी कापले. दिवाळीच्या सुमारास जोडायला बसलो तर एक रांग दुसरीला लागेना. आधीच्या रांगा लांब, नंतरच्या आखूड. मी टाके उसवले, पुन्हा मोजलं, तुझ्या हाताला नावं ठेवली. शेवटी तू तो साचा उचललास, श्रावणातल्या एका तुकड्यावर ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. साचा वाळत गेला होता आणि वाळता वाळता आटला होता.

"तुज्या म्हायेरचं माप बारीक झालं गं," तू म्हणालीस.

ती गोधडी आपण तशीच शिवली. एका बाजूला फुगते, दुसरीकडे ओढते. आमचे हे अजून तीच पांघरतात आणि पाय बाहेर राहिले की तुझं नाव घेतात. परवा सवयीने घेतलं, आणि मग स्वतःच पाय आत ओढून घेतले.

त्यानंतर तू पत्र्यावर आलीस. वनस्पती तुपाचा रिकामा डबा, मिस्त्रींची पत्रा कापायची कात्री, आणि हट्ट. मी सांगत होते की त्यांना कापू दे. तू ऐकतेस? कात्री एकदा घसरली, चौकोनाची एक बाजू किंचित आखूड झाली. एका कोपऱ्याने तुझं बोट कापलं, तर तू तो कोपरा पायरीच्या दगडावर घासून घासून गोल केलास. मी म्हटलं, "हा चौकोन हाय? टाकून दे नि दुसरा काप." तू म्हणालीस, "एकदा कापला त्यो कापला."

आणि मग आपलं ते भांडण. साचा कधीही मायेसकट कापायचा, म्हणजे शिवणीत दडणारं बोटभर कापड धरूनच, असं माझं म्हणणं. खडू फिरवला, कापला, मोकळं. तुझं म्हणणं, साचा शिवणीच्या रेघेचाच हवा, रेघ मारायची आणि माया बाहेरून नजरेने सोडायची, म्हणजे टाका कुठे घालायचा ते सुईला दिसतं. किती वर्षं भांडलो आपण यावर? पाहुणे आले तरी भांडलो. तुझी बाजू बरोबर होती असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या पद्धतीने काम भराभर होतं. पण तुझ्या पद्धतीने ते बघावंसं वाटतं, हे मी तुला कधी म्हटलं नाही. मनात मात्र दर वेळी यायचं.

दुसरंही एक भांडण होतं, ते आपण पुरतं कधी भांडलोच नाही. वीजघराचं काम संपत आलं की तू म्हणायचीस, "आता आमी जानार गावाला." मी म्हणायची, "जा की, कोण धरून ठेवतंय." खरं तर मी मनातल्या मनात तुला कितीदा तरी धरून ठेवलं होतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून माझ्या दारात बायका यायच्या त्या ब्लाउज शिवायला टाकायला आणि न्यायला. काम नसताना येऊन बसणारी तू पहिली. माझ्या मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारीही तूच. तू गावाला जाशील या विचाराने मी आधीपासून रुसून बसले होते, आणि तू गेलीस ती गावाला गेलीच नाहीस.

पालघरच्या दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हा तुझे ओठ सुकले होते. मिस्त्री बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि विचारलंस, "किती रांगा झाल्या?" मी म्हटलं, "तू ठेवल्यास तेवढ्याच." मग तू म्हणालीस, "ऱ्हायलेल्या माज्याच पत्र्यानं काप हां, सुमे. तुज्या मापानं नगं." मी म्हटलं, "बघीन." बस, एवढंच. तू हसलीस असं मला वाटलं. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला होता, तो तसाच ठेवून उभी राहिले. डॉक्टर, नर्स, सगळे धावपळ करत होते. पण ताप काही ऐकेना.

तुझी नणंद गोदाबाई गावाहून आली ती थेट रडत आली. बाई वाईट नाही, पारू. तुझ्यामागे मिस्त्रींना तिने सांभाळलं, चूल पेटती ठेवली. पण तिला माझ्याकडची अर्धी गोधडी दिसली आणि तिचा चेहराच बदलला.

"हे लेकराच्या अंगाखाली जायाचं न्हाई," ती म्हणाली. "मेलेल्या बाईनं अर्धं टाकल्यालं काम हाय ह्ये. पान्यात सोडून दे."

मी म्हटलं, "मावशी, मी पुरं करते. सगळा कपडा पारूचाच हाय."

"म्हनूनच न्हाई म्हंती! माज्या लेकीचं, येसूचं पहिलं लेकरू असंच, तिच्या गेलेल्या सासूच्या हातच्या कुंचीत गुंडाळलं हुतं. सा म्हैन्यांचं हुन गेलं."

"कुंचीनं कोन जातं काय?"

"तुला काय ठावं?" ती म्हणाली. मला मूलबाळ नाही. जिने नातवंड पुरलं तिला मी काय शिकवणार? पण गोधडी मी पाण्यात सोडली नाही. घडी करून घरात आणली आणि दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर कापायला बसले.

आधी मी माझ्याच साच्याने तुकडे कापले. हो, तुझं न ऐकता. मला वाटलं, काटकोनात असलेला चौकोन कुठेही बसणार. तुझ्या शेवटच्या रांगेला माझी रांग लावली आणि ती हळूहळू तिरकी जायला लागली. उसवली, पुन्हा लावली, पुन्हा तिरकी. तेव्हा मी तुझी रांग उलटी करून नीट बघितली. प्रत्येक तुकड्यावर साबणाच्या झिजलेल्या तुकड्याने मारलेली तुझी रेघ होती, आणि एका तुकड्याचा गोल कोपरा वर, पुढच्याचा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. आखूड बाजू आलटून पालटून टाकली होतीस. एकाचं कमी दुसऱ्याने भरून निघत होतं, म्हणून तुझी रांग सरळ होती. इतकी वर्षं तू पत्रा फिरवून ठेवायचीस तेव्हा मला वाटायचं, ही हिची खोड. तुला हे कळलं होतं, की हातानेच आपोआप वाट काढली होती? हे विचारायचं राहिलं. मी ते कधीच विचारू शकणार नाही, ही गोष्ट त्या दुपारी मला पहिल्यांदा नीट समजली. तोपर्यंत तू नुसती गेली होतीस.

मग मी तुझा पत्रा घेतला. रेघ मारली, बोटभर सोडून कापलं, पत्रा फिरवला, रेघ मारली. काम सावकाश होत होतं. तसं व्हावं असंच वाटत होतं. तुझं हिरवं लुगडं संपलं, मग ते भुरं, तुझ्या गावच्या बाजारातलं, ज्याचा रंग गेला म्हणून तू दुकानदाराला अजून शिव्या द्यायचीस. सगळे तुकडे जोडून झाले. राहिलं ते अस्तर घालणं आणि वरून दोरा मारणं. अस्तराला माझ्याकडे तुझं काही उरलं नव्हतं. आणि गोदाबाईच्या मनाविरुद्ध ही गोधडी बाळापर्यंत जाणार कशी, तेही कळत नव्हतं. चोरून द्यायची? तुझ्या लेकीला तुझ्या आठवणीची वस्तू चोरून द्यायची, हे माझ्याच्याने झालं नसतं.

तुझ्या तेराव्याला शेवंता आली. पोटुशी म्हणून तिला आधी कुणी येऊ दिलं नव्हतं, तिने तुझं तोंडही बघितलं नाही. नवऱ्याबरोबर उतरली, खोलीत आली, सगळीकडे बघितलं आणि खाली बसली. रडली नाही. तुझ्यासारखीच बसते, एक गुडघा उभा करून. जेवणं झाल्यावर मी गोधडी घेऊन तुमच्या खोलीत गेले आणि गोदाबाईच्या देखत शेवंतापुढे पसरली. म्हटलं, जे काय बोलायचं ते हिच्यासमोर होऊ दे.

गोदाबाई उठून उभीच राहिली. "सांगितलं हुतं ना मी हिला! शेवंते, हात लावू नगं. तुजी आय अर्ध्यावर टाकून गेली ते काम. त्ये लेकराला लागू द्यायचं नसतं."

शेवंता गोधडीवर हात फिरवत राहिली. हिरव्यावरून भुऱ्यावर, भुऱ्यावरून हिरव्यावर. तुझे टाके कुठे संपतात आणि माझे कुठे सुरू होतात ते तिला बरोबर कळलं, कारण तिथे तिचा हात थांबला. मग ती मान वर न करता म्हणाली, "आत्या, मला बी तिनं अर्ध्यावरच टाकलंय की. मग मी तरी लेकराला हात लावायचा का न्हाई?"

गोदाबाई काहीतरी बोलेल म्हणून मी तयारीत होते, तू मला ओळखतेसच. पण ती कोपऱ्यात गेली. तिथे तुझ्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, वाटून टाकायला. तिने गाठ सोडली, बराच वेळ आत चाचपडली आणि तुझं रोजच्या वापरातलं निळं लुगडं बाहेर काढलं. ते तिने एकदा स्वतःच्या गालाला लावून बघितलं आणि शेवंताच्या मांडीवर ठेवलं.

"अस्तराला ह्ये घ्या," ती म्हणाली. "लई धुतल्यालं हाय. टोचायचं न्हाई त्याला."

शेवंताने लुगड्यात तोंड घातलं आणि ती रडायला लागली, पारू, मोठ्याने, तुला हाका मारत. गोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी दोघींच्या मध्ये बसून लुगडं उलगडायला घेतलं, पण मला समोरचं काही दिसेना.